वांग्याचे फूल

शिक्षकाच्या व्यवसायात एक सूक्ष्म दोष आहे. दुसऱ्याच्या वहीतील चूक दिसताच हात आपोआप तांबड्या शाईकडे जातो, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडते की, आपलीही वही कोणी तपासू शकेल, ही कल्पना मनास शिवत नाही. आम्ही छत्तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी संस्कृत शिकविले. आमचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. पुढे जे काही पदरी पडले, ते पाठशाळेत शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून. परंतु पाठांतर चोख आणि वाणी तिखट, एवढ्या भांडवलावर आम्ही वर्गात राज्य केले, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी चार हार गळ्यात घालून समाधानाने घरी आलो. ते समाधान गेल्या वर्षभरात बरेच उतरले. ते कसे, हे वाचकांस सांगावे असा आजचा बेत आहे.

ज्याच्यामुळे आमची वही तपासली गेली, तो आमचा एक जुना विद्यार्थी. त्याचे नाव येथे देत नाही; दिलेले त्यास रुचणार नाही. तो आमच्याच नगर जिल्ह्यातला, म्हणजे सांप्रत ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातला, आणि धर्माने ख्रिस्ती. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरास आपले ठाणे केले. तेव्हापासून या भागात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. ख्रिस्तभक्तीस अभंगाचे वस्त्र चढविणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही आयुष्याची कित्येक वर्षे याच जिल्ह्यात काढली. आमच्या या विद्यार्थ्याचे पूर्वज मात्र टिळकांप्रमाणे शास्त्र्यांच्या घरातले नव्हते. ज्यांच्या कानी वेदाक्षर पडू देणे आमच्या पूर्वजांनी पाप मानले, त्यांच्यातला तो. आठवीत त्याने आपण होऊन संस्कृत घेतले, आणि शब्दरूपांत वर्गातील एकाही ब्राह्मणाच्या मुलास त्याने पुढे जाऊ दिले नाही.

आज तो पंचविशीत आहे. पदवी घेतल्यावर नोकरीस लागण्यापूर्वी आपल्या चर्चच्या वतीने एक वर्ष स्वयंसेवक म्हणून तो थायलंडास गेला. १९३९ पर्यंत आपण ज्यास सयाम म्हणत होतो, तोच हा देश. त्याच्या उत्तरेस च्यांग माई म्हणून प्रांत आहे. तेथील डोंगराळ भागातील एका खेड्याच्या शाळेत मुलांस इंग्रजी शिकविण्याचे काम त्यास मिळाले. तेथून तो आम्हांस पत्रे लिही. पत्रे म्हणजे भ्रमणध्वनीवर येणारा मजकूर; आमची नात तो मोठ्या अक्षरांत कागदावर छापून आमच्या हाती देई.

पहिले पत्र ज्येष्ठात आले. त्यात त्याने लिहिले होते, “सर, येथे मला पावलोपावली आपण शिकविलेले शब्द भेटतात. नुसते त्यांचे वेष बदलले आहेत.” आणि खाली एक लांबलचक यादी. तेथील लोक भेटताच हात जोडून ‘सवत्दी’ म्हणतात, ते आपले ‘स्वस्ति’. या शतकापूर्वीच्या शतकात, १९३० नंतरच्या दशकात, फ्राया उपाकित सिल्पसान या भाषापंडितांनी तो अभिवादनाचा शब्द म्हणून रूढ केला. ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘बूचा’ म्हणजे पूजा, ‘आचान’ म्हणजे आचार्य. वार तर सातही आपलेच: आथित, चान, अंगखान, फुत, फरुहत्सबोदी, सुक, साव. मंगळवारास ते ‘अंगारक’ या नावाने ओळखतात आणि शनिवारास ‘सौरि’ या नावाने, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला, कारण ही दोन्ही नावे आपल्या पंचांगांतही जवळजवळ कोशापुरतीच उरली आहेत. गंमत अशी की, लिहिताना ते ‘चंद्र’ शब्दातील ‘र’ इमाने इतबारे लिहितात, आणि हा उच्चारावयाचा नाही अशी खूण त्याच्या डोक्यावर करून ठेवतात. उच्चार गेला तरी अक्षर टाकावयाचे नाही, ही त्यांची शब्दनिष्ठा आम्हांस फार आवडली.

त्याच पत्रात एक फजितीही होती. वर्गातील एका चिमुरड्याने धडा बरोबर म्हटला, म्हणून याने कौतुकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वर्ग एकदम शांत झाला. थाई लोक मस्तकास शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात. तेथे परक्याने हात लावणे अप्रशस्त. तसेच बसताना तळपाय कोणाच्या दिशेने, विशेषतः बुद्धमूर्तीच्या दिशेने, करावयाचे नाहीत. शाळेतील एका वयोवृद्ध शिक्षकांनी त्यास बाजूस घेऊन हसत हसत हे समजाविले. मुलांच्या देखत एक शब्द बोलले नाहीत. “चूक माझी होती, पण माझी मान खाली जाऊ नये याची काळजी त्यांनी घेतली,” असे त्याने लिहिले होते. हे वाक्य आम्ही तेव्हा सहज वाचून पुढे गेलो.

दुसऱ्या पत्राचा मायना वाचून मात्र थबकलो. आजवर तो आम्हांस ‘सर’ म्हणे. या पत्रात ‘गुरुजी’ असे लिहिले होते. कारणही त्याने दिले होते. थाई भाषेत शिक्षकास ‘ख्रू’ म्हणतात, आणि तो शब्द ‘गुरु’ याच शब्दापासून आला आहे. दिवसातून शंभर वेळा मुलांच्या तोंडून ‘ख्रू, ख्रू’ ऐकल्यावर आपल्या गुरूस ‘सर’ लिहावयास हात धजेना!

हे पत्र ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदनाच्या सोहळ्याविषयी होते. तेथील शाळांचे वर्ष मे महिन्याच्या मध्यास सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत, बहुधा जूनमधील एका गुरुवारी, हा सोहळा करतात. गुरुवारच का, तर तो देवगुरु बृहस्पतीचा वार. मुले पानाफुलांची सुबक रचना केलेली तबके घेऊन येतात. त्यांत परंपरेने चार वस्तू असाव्या लागतात. एक दूर्वा; कितीही तुडविली तरी ती मरत नाही आणि पसरत जाते, तशी विद्या व चिकाटी वाढावी. दुसरी भाताच्या लाह्या. उष्णता सोसून, भांड्याच्या मर्यादेत राहून ज्या फुलतात, त्या शिस्तीच्या खुणा. तिसरे ‘दोक खेम’ नावाचे फूल, म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या एक्झोऱ्याच्या जातीचे. ‘खेम’ म्हणजे सुई. त्याच्या कळीसारखी बुद्धी तीक्ष्ण व्हावी. आणि चौथे वांग्याचे फूल! ते फळ धरू लागले की खाली वाकते. विद्येने मनुष्य तसा नम्र व्हावा. आपल्या सुभाषितकारांनी फळांनी लवलेले वृक्ष पाहिले, पण परसातल्या वांग्याच्या फुलाकडे त्यांचे लक्ष गेले नाही, असे आमच्या मनात आले.

शिक्षक ओळीने खुर्च्यांवर बसले होते, आणि हा पंचविशीचा तरुणही संकोचून त्यांत बसला होता. प्रथम एका मुलीने पालीने आरंभ होणारे गुरुस्तवन म्हटले, व सर्वांनी तिच्यामागून. मग मुले गुडघ्यांवर सरकत येऊ लागली. तबक गुरूच्या हाती द्यावयाचे, जोडलेले हात जमिनीस टेकावयाचे, त्यांवर कपाळ ठेवावयाचे, आणि मागे सरावयाचे. त्याच्या वर्गात कारेन नावाच्या डोंगरी जमातीची काही मुले होती. या जमातीत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या बरीच आहे. एरवी साऱ्या देशात ख्रिस्ती लोक शंभरांत एक एवढेच. त्यांतील एक मुलगी पुढे आली. ती गुडघे टेकून बसली नाही. उभ्यानेच तिने फूल पुढे केले, आणि हात जोडून मान लववली. ते फूल घ्यावयाचे होते त्या वयोवृद्ध शिक्षकांनी. आता काय होते, म्हणून आमच्या विद्यार्थ्याच्या छातीत धडधडू लागले. ते वृद्ध गृहस्थ खुर्चीवरून किंचित पुढे वाकले, दोन्ही हातांनी त्यांनी ते फूल घेतले, इतर मुलांस दिला तोच आशीर्वाद तिलाही दिला, आणि पुढल्या मुलाकडे वळले. बस्स, एवढेच.

त्याखाली त्याने एकच ओळ लिहिली होती: “गुरुजी, त्या वेळी मला आपली शाळा आठवली.”

त्यास काय आठवले, हे त्याने लिहिले नाही. आम्ही कागद खाली ठेवला. नात विचारीत होती, “आजोबा, काय झाले?” तिला काही सांगता येईना. कारण बारा वर्षे जे पूर्णपणे विसरलो होतो, ते त्या एका ओळीने जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले.

आषाढी पौर्णिमेचा दिवस होता. आमच्या शाळेत गुरुपौर्णिमेस सरस्वतीच्या तसबिरीची पूजा होई. मुले एकामागून एक येत, तसबिरीस फूल वाहत, नमस्कार करीत, आणि मग शिक्षकांच्या पाया पडत. हा तेरा वर्षांचा मुलगा रांगेतून आला. त्याने तसबिरीपुढे हात जोडले नाहीत. बाजूने येऊन आमच्यापुढे उभा राहिला, एक गुलाबाचे फूल पुढे केले, आणि हात जोडून मान खाली घातली. आम्हांस तो उद्दामपणा वाटला. फूल हाती न घेता आम्ही सर्वांच्या देखत म्हणालो, “जो सरस्वतीपुढे वाकत नाही, त्याला संस्कृत कशाला हवे?” मुले हसली. एक-दोन शिक्षकही हसले. आम्हांस स्वतःच्या समयसूचकतेचे कौतुक वाटले, हेही येथे लपवीत नाही. त्या मुलाने फूल टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होता, आणि दहावीपर्यंत त्याने संस्कृत सोडले नाही. त्यावरून आम्ही अनुमान काढले की, मुलगा विसरला. मुले विसरत नाहीत. विसरतात ते शिक्षक.

‘संस्कृत कशाला हवे’ हे शब्द आम्ही कोणास ऐकविले, याचा विचार आता मनात आला, आणि अंगावर काटा उभा राहिला. ज्याच्या पणजोबांस हेच शब्द गावाने काठीच्या धाकाने ऐकविले असतील, त्याच्या पणतूस आम्ही ते सरस्वतीच्या नावाने ऐकविले.

त्या पत्रास त्याच दिवशी उत्तर द्यावयास हवे होते. आम्ही दिले, परंतु त्यात ‘ख्रू’ शब्दाची व्युत्पत्ती, दूर्वेचे माहात्म्य आणि प्रकृतीची विचारपूस याखेरीज काही नव्हते. पंडिताला पळून जावयास व्युत्पत्तीसारखी दुसरी वाट नाही.

पुढले पत्र आले आषाढाच्या अखेरीस. आपली गुरुपौर्णिमा ज्या पौर्णिमेस येते, बहुधा त्याच पौर्णिमेस थायलंडात ‘आसान्ह बूचा’, म्हणजे आषाढपूजा, असते. बुद्धाने सारनाथ येथे पहिला उपदेश केला तो हा दिवस. दुसऱ्या दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी एकाच विहारात राहावयाचे, जसे आपल्याकडे यतींचे चातुर्मास्य. गावोगावचे लोक विहारांस मोठमोठ्या मेणबत्त्या अर्पण करतात. शाळेचीही मेणबत्ती मिरवीत गेली, आणि आमचा विद्यार्थी मुलांबरोबर गेला. मिरवणूक विहारात शिरली, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला. आत जावे की बाहेर थांबावे? गेलो तर वाकावे की नाही? त्याच्यासारखाच दुसऱ्या गावी काम करणारा एक परदेशी स्वयंसेवक होता. त्याने यास आधीच बजावले होते की, असल्या ठिकाणी पाऊल टाकणे म्हणजे आपल्या प्रभूशी द्रोह. उलट, बाहेर थांबणे म्हणजे ज्यांनी त्यास घरचे मानले त्यांचा अव्हेर.

तो पादत्राणे काढून आत गेला, मागल्या भिंतीशी पाय मागे दुमडून बसला, आणि पाहू लागला. पाहता पाहता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुले बुद्धमूर्तीपुढे वाकली ती तीन वेळा, आणि तळहात उघडे जमिनीवर पसरून. शाळेत गुरूपुढे वाकली होती ती एकदाच, आणि हात जोडलेलेच ठेवून. म्हणजे देवस्थानी करावयाचा नमस्कार निराळा आणि माणसास करावयाचा निराळा, हा भेद त्या लोकांनी हातांच्या ठेवणीतच करून ठेवला होता. त्याने आम्हांस विचारले, “गुरुजी, वंदन आणि पूजन यांत संस्कृतात काय भेद आहे? मी येथे सर्वांस वंदन करावे आणि पूजन माझ्या एकाच देवाचे करावे, असे ठरविले आहे. हे शब्द मी बरोबर वापरतो आहे का?”

आम्ही कोश काढला. भागवतातील नवविधा भक्तीत अर्चन आणि वंदन ही दोन वेगळी सांगितली आहेत, हे तर आमच्या तोंडपाठ होते. वंदन आईबापांस, गुरूस, अतिथीस, वडीलधाऱ्या कोणासही. अर्चन उपास्य देवतेस. असे चार मुद्दे काढून उत्तर लिहू लागलो, आणि अर्ध्यावर लेखणी थांबली. तेरा वर्षांचा तो मुलगा तसबिरीस वळसा घालून आमच्यापुढे हात जोडून उभा राहिला होता, तेव्हा त्याने दुसरे काय केले होते? पूजन त्याने राखून ठेवले होते, आणि वंदन आम्हांस पुरेपूर दिले होते. जो भेद आम्ही आज कोश उघडून त्यास समजावीत होतो, तो त्याने त्या दिवशी दोन हातांनी करून दाखविला होता. आणि पंचावन्न वर्षांच्या संस्कृत शिक्षकास तो दिसला नव्हता. आम्ही एवढेच लिहिले: “शब्द बरोबर आहेत. तू ते पूर्वीपासूनच बरोबर वापरीत आला आहेस.” याहून अधिक लिहावयास तेव्हाही धीर झाला नाही.

कार्तिकी पौर्णिमेस आपण त्रिपुर पाजळतो आणि नदीत द्रोणांतून दिवे सोडतो. तेथे त्याच सुमारास ‘लॉय क्रथोंग’ असते. केळीच्या खांबाची चकती, तिच्याभोवती केळीच्या पानांच्या घड्या, वर फुले, उदबत्ती, मेणबत्ती; असा द्रोण करून तो पाण्यावर सोडावयाचा आणि ‘फ्रा मे खोंग्खा’ म्हणजे गंगामाईची क्षमा मागावयाची, की वर्षभर आम्ही तुझे पाणी वापरले, मळविले. आपली गंगा तेथवर पोहोचली, आणि तेथे तिच्याकडे पुण्य मागण्याऐवजी लोक तिची क्षमा मागतात, हे वाचून गोदावरीकाठच्या आम्हा लोकांस विचार पडावा. अर्थात तेथेही माणसे माणसांसारखीच. बँकॉकमध्ये दुसऱ्या दिवशी लक्षावधी द्रोण नद्या-तलावांतून उपसावे लागतात. च्यांग माईस याच पौर्णिमेस ‘यी पेंग’ म्हणतात. तेथे कागदी आकाशदिवे एवढे सोडतात की, त्या रात्री विमानांच्या कित्येक फेऱ्या रद्द कराव्या लागतात.

मुलांनी यालाही द्रोण करावयास शिकविले. त्याने उदबत्ती वगळली, मेणबत्ती लावली, आणि पाण्यावर सोडताना आपल्या देवाची आपल्या शब्दांत प्रार्थना केली. तो परदेशी सोबती ते ऐकून रागावला आणि त्याने याच्याशी बोलणे सोडले. मन उदास झाले, म्हणून हा तेथील चर्चच्या एका वृद्ध पाळकांकडे गेला. त्यांनी निर्णय काही दिला नाही. जुनी हकीगत सांगितली. डॅनियल मॅकगिल्वरी नावाचे अमेरिकन मिशनरी १८६७ साली च्यांग माईस आले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८६९ मध्ये, नान चाय आणि नोई सुन्या या दोन नवख्रिस्ती गृहस्थांस तेथील अधिपती काविलोरोत याने ठार करविले. पुढे एका ख्रिस्ती विवाहात कुलदैवताच्या भूतांचा मान म्हणून ठरलेली रक्कम द्यावी की नाही, यावरून तंटा उद्भवला. तो मिटविण्यासाठी सयामच्या राजसत्तेने १८७८ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. ती हकीगत सांगून पाळक म्हणाले, “आमच्यातले काही लोक द्रोण सोडतात, काही सोडत नाहीत. परंतु सोडणाऱ्याने न सोडणाऱ्यास आणि न सोडणाऱ्याने सोडणाऱ्यास दटावू नये, एवढ्यासाठी दोन माणसांचे रक्त सांडले आहे.”

नाताळचा दिवस तेथे सुटीचा नसतो. त्या दिवशी याने नेहमीप्रमाणे तास घेतले. संध्याकाळी डोंगरावरील कारेन लोकांच्या लाकडी चर्चमध्ये उपासना होती. दाराशी पाहतो तो शाळेतील ते वयोवृद्ध बौद्ध शिक्षक, हातात झेंडूचा हार घेऊन उभे. ते आत आले, मागल्या भिंतीशी बसले, आणि गाणी संपेपर्यंत बसून राहिले. आषाढात हा त्यांच्या विहारात जसा बसला होता, अगदी तसेच. दोघांपैकी कोणीही त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

शेवटचे पत्र ‘सोंग्क्रान’ सणाचे. आपला ‘संक्रांति’ शब्दच तो. फरक एवढा की आपण मकरसंक्रांत साजरी करतो, आणि त्यांचे नववर्ष मेषसंक्रांतीचे. १३ ते १५ एप्रिल हे तीन दिवस रस्त्यारस्त्यांवर एकमेकांस पाण्याने भिजविण्याची धमाल चालते. या सणाची नोंद डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनेही आपल्या वारशाच्या यादीत केली. परंतु त्याने रस्त्यावरच्या धमालीविषयी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्याचे मन रमले ते घरातल्या आणि विहारातल्या सोंग्क्रानात. लोक ओंजळी-ओंजळीने वाळू नेऊन विहाराच्या अंगणात तिचे स्तूप करतात, कारण वर्षभर येता-जाता तेथली वाळू आपल्या पायांस लागून बाहेर गेली, तेवढी परत करावयाची. किती बारीक हिशेब हा! उत्तरेकडे मधल्या दिवसास ‘वान नाव’ म्हणजे नासका दिवस म्हणतात. त्या दिवशी कोणास वाईट बोलावयाचे नाही. बोलल्यास वर्षभर तोंड नासते अशी समजूत. आम्ही हे वाचले आणि मनाशी म्हटले, आमच्या पंचांगात असा एक दिवस असता तर!

शेवटल्या दिवशी ‘दाम हुआ’ करतात. हळद आणि शिकेकाई घातलेले पाणी चांदीच्या वाटीत घेऊन धाकट्यांनी थोरांच्या ओंजळीवर घालावयाचे, आणि वर्षभरात काया-वाचा-मने जे अपराध घडले त्यांची क्षमा मागावयाची. थोरांनी क्षमा करून आशीर्वाद द्यावयाचा. आमच्या विद्यार्थ्याने त्या वयोवृद्ध शिक्षकांच्या ओंजळीवर पाणी घातले. मग पत्राच्या शेवटी लिहिले, “गुरुजी, परत आल्यावर आपल्याही हातांवर पाणी घालावे अशी इच्छा आहे. शाळेत असताना माझ्याकडून आपला अनादर झाला असेल, तर त्याची क्षमा मागावयाची आहे.”

क्षमा कोणी मागावयाची, आणि मागतो आहे कोण! त्या रात्री झोप आली नाही. सकाळी उठून, व्युत्पत्ती, सुभाषिते सारे बाजूस ठेवून, आम्ही चार ओळी लिहिल्या आणि नातीकडून पाठविल्या. “अनादर तुझ्याकडून झाला नाही. आमच्याकडून झाला. त्या गुरुपौर्णिमेचा प्रत्येक शब्द आम्हांस आठवतो. ये.” नातीने तो मजकूर टंकिला, आमच्याकडे पाहिले, आणि प्रथमच काही विचारले नाही.

वैशाखात, ऊन भर तापले असताना, तो आला. सोबत एक लहानशी नक्षीदार वाटी आणि पुडीत बांधलेली शिकेकाई. त्याने परसदारी बसून पाणी सिद्ध केले. आम्ही म्हणालो, “आण ती वाटी इकडे, तुझी ओंजळ पुढे कर.” त्याने हात मागे घेतले. “नाही गुरुजी, तसे नसते. पाणी धाकट्यानेच घालावयाचे.” विधीचा क्रम मोडू नये, हे आम्हा कर्मठांस दुसऱ्याने सांगावे लागले! आम्ही ओंजळ पुढे केली. त्याने पाणी घातले. हळदीचा पिवळा ओघळ मनगटावरून खाली गेला. आता त्याने क्षमा मागावयाची आणि आम्ही आशीर्वाद द्यावयाचा. परंतु तो तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही बोललो. संस्कृतात नव्हे, साध्या मराठीत. “बाळ, तुझे फूल आम्ही घेतले नाही. आमची चूक झाली.”

तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मी टेबलावर ठेवले होते, गुरुजी. सुटीनंतर येऊन पाहिले, तर ते तेथे नव्हते. कोणीतरी उचलले असेल. मी मनाची समजूत घातली होती की, आपणच उचलले.”

आम्ही उचलले नव्हते. शिपायाने झाडताना टाकले असेल. तसे त्यास सांगितले. खोटे बोलून मोकळे होण्याची ती वेळ नव्हती. तो हसला, आणि वाटी पुसून ठेवण्यासाठी आत गेला.

आमच्या परसात या दिवसांत वांगी आहेत. पूर्वी आम्ही फक्त वांगी पाहत होतो. आता फुले पाहतो. ती खरोखरच खाली वाकलेली असतात. येत्या आषाढी पौर्णिमेस तो येणार आहे. तो कोणास नमस्कार करतो आणि कोणास करीत नाही, याकडे आमचे लक्ष असणार नाही. त्याच्या हातात फूल असेल तर ते दोन्ही हातांनी घ्यावयाचे, एवढेच लक्षात ठेवले आहे.